बोरधारेवरच्या चुली

दोन घटका दिवस वर आला तेव्हा खालच्या खिंडीतून दवंडी सुरू झाली. आदल्या संध्याकाळपासून दोन्हीकडच्या बंदुका गप्प होत्या, त्यामुळे शब्द न् शब्द वर बोरधारेपर्यंत ऐकू येत होता.

“ऐका हो ऐका. रावसाहेबांचा कौल आहे. कुडघर, वेळोली आणि आंबेखोरे, या तिन्ही गावच्या लोकांनी आज दिवस मावळायच्या आत हत्यार ठेवून खाली यावं. येईल त्याचं घर, शेत, गुरंढोरं सुखरूप. न येईल त्याचं त्याने बघावं.”

दगडांच्या बांधामागे बसलेल्यांपैकी बहुतेक जण या तीन गावांचेच होते. मग डाव्या अंगाने एकाने तोंडाशी हात धरून हाक दिली.

“कोण, धर्मा का रं?”

दवंडीवाला थांबला. “व्हय, धर्माच. वर कोण, महादू?”

“महादूच. खाली आलो तर जेवायला काय घालशील ते सांग आधी.”

“आमटी-भात.”

“मग न्हाई येत. बहिणीच्या लग्नातबी आमटीच पाजलीस. अजून तोंडाला चव न्हाई.”

धार हसली. खालूनही कुणीतरी हसलं. धर्माने हलगीवर टिपरी मारली आणि कौल पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतला, पण आता त्याच्या आवाजात जोर नव्हता.

माझ्या शेजारी सुभानजी काटवटे उभे होते. धारेची जबाबदारी त्यांच्यावर होती. ते हसले नाहीत.

“पंत, कोण हसलं ते बघू नका,” ते हळू म्हणाले. “कोण हसलं नाही ते बघा. जायचे असतील ते त्यातले असतील.”

घराण्याच्या दोन पात्या, दोन शाखा होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. थोरल्या पातीच्या आईसाहेब येळवी नदीच्या पलीकडे होत्या. धाकट्या पातीचे रावसाहेब, म्हणजे त्यांचे सख्खे पुतणे, बोरधारेच्या खाली तळ देऊन होते. मधे ही अर्धा कोस लांबीची उघडी डोंगरधार आणि तिच्यावर आमची तीनशे दहा माणसं. धारेमागे नदीपर्यंत चार कोस सपाट रान, त्यात शत्रूला अडवेल असं काही नाही. भाद्रपद चालू होता आणि येळवी दुथडी भरून वाहत होती. नदीच्या उतारावर, म्हणजे पलीकडे जायच्या घाटावर, सहा नावा बांधलेल्या होत्या. परतीची वाट तेवढीच.

माझं काम बातमी लिहिण्याचं. रोज तिसऱ्या प्रहरी धारेवरचं वर्तमान लिहून, लखोटा बंद करून, जासुदाच्या हाती उतारावर आईसाहेबांच्या कारभाऱ्यांकडे पाठवायचं. त्यात काय आहे हे धारेच्या सरदाराला दाखवायचं नाही, असा रिवाज होता. सरदार आपल्या हजेरीत मेलेले आणि पळालेलेही उभे दाखवतात, म्हणून वेगळा लिहिणारा ठेवायचा. भगवंतराव कारभारी मला निघताना म्हणाले होते, “केसोपंत, हजेरी नको. चुली मोजा. पाच माणसांमागे एक चूल. चूल खोटं बोलत नाही.”

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आवाज उतरवून. चुली चाळिसाच्या खाली गेल्या तर धार गेली असं ते धरणार होते. मग नावा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पहाटे पलीकडे नेऊन तळाला भोकं पाडायची. हे धारेवर कुणाला कळता कामा नये. सुभानजींनाही नाही.

“तुमचा आकडा फिरत नाही, म्हणून तुम्हाला पाठवतोय,” ते म्हणाले. ते खरं होतं. सहा वर्षांत माझा एकही आकडा मला दुरुस्त करावा लागला नव्हता.

धारेवर नऊ दिवस झाले होते. अंधारात जाळ दिसला की खालची तोफ त्यावर नेम धरायची, म्हणून सगळा स्वयंपाक तिसऱ्या प्रहरीच उरकला जाई. त्या वेळी मी धारेच्या मध्यावरच्या एका खडकावर चढे. मागच्या उतारावर दोन्ही अंगांना धुराच्या रेघा उठत. त्या मी मोजत असे. पहिल्या दिवशी बासष्ट होत्या. नवव्या दिवशी एकसष्ट. लोक मला मोजताना बघत. नदीपलीकडून शिधा किती मागवायचा याचा हिशेब करतो आहे, असं त्यांना वाटे. मी तो समज दुरुस्त केला नव्हता.

दवंडीच्या दिवशी, दहाव्या दिवशी, मी खडकावर चढलो तेव्हा उजव्या अंगाला धुराच्या अकरा रेघा होत्या. डाव्या अंगाला सोळा.

मी पुन्हा मोजलं. सत्तावीस.

सटवा जासूद खाली काठी टेकून उभा होता. दिवस मावळायच्या आत उतारावर पोचायचं तर त्याला आता निघायला हवं होतं. अंधार पडल्यावर त्या रानात दोन्ही पात्यांचे लोक फिरत, आणि पोशाखावरून किंवा बोलण्यावरून कोण कुणाचा ते कळत नसे.

“पंत, मोजून झालं?” तो म्हणाला.

“झालं.”

“मग लिवा की. का रांगोळी काढायची हाय?”

धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन यायला तीन घटका लागल्या असत्या. सकाळची दवंडी माझ्या कानात होती. सुभानजींचं बोलणंही. मी खडकावरून पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहिलं. बांधामागे माणसं दिसत होती, पण बांधामागची माणसं वरून नीट मोजता येत नाहीत. मोजलेलं लिहायचं, वाटलेलं लिहायचं नाही, हा माझा नियम होता. मी लिहिलं: आज चुली सत्तावीस. बाकी वर्तमान यथास्थित.

लखोटा बंद केला. सटवाने तो मुंडाशात खोचला आणि उतरणीला लागला. त्याचा वेग चांगला होता. थोड्याच वेळात तो बाभळींच्या आड गेला.

मी माझा भात टाकला. मी एकटाच वेगळा शिजवून जेवत असे. भात उतरवून दोन घास घेतले तेवढ्यात निंबा वाळके आला. निंबा वेळोलीचा, पन्नाशीकडे झुकलेला, गळ्यात तुळशीची माळ. दोघांनी मिळून उचलावी लागे अशी लांब नळीची जड बंदूक त्याच्या ताब्यात होती. नऊ दिवसांत तो माझ्याशी बोलायला रोज काही ना काही कारण काढत आला होता. आज त्याच्या हातात सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ होता.

“पंत, जेवताय व्हय? असू द्या. एक इचारायचं व्हतं.”

“विचार.”

“शिधा उद्याचा. तुम्ही चुली मोजून लावता न्हवं? आजच्या चुलींवर लावू नका म्हंजे झालं. उद्या समद्यांना पारणं सोडायचं हाय. निम्मा शिधा आला तर पोरं मला बोलतील.”

“पारणं?”

“एकादशी हाय न्हवं आज.”

“एकादशी काल झाली, निंबा. मी उपास केला. आज सकाळी सोडला.”

तो हसला. “काल तुमची. आज आमची. आमच्या खोऱ्यात निम्म्याच्या वर गळ्यात माळ. माळकरी दुसरी धरतात. महाराज सांगून गेलं व्हतं, या पक्षात दोन येतात म्हणून. वेळोलीची तर यच्चयावत चूल थंडी हाय. न्हाई बघितलंत?”

मी ताट बाजूला सरकवलं. पंचांगात दोन एकादश्या येतात हे मला ठाऊक होतं. स्मार्तांची पहिली, भागवतांची दुसरी. लहानपणापासून ठाऊक होतं. नऊ दिवस मी त्या माणसांच्या गळ्यातल्या माळा बघत होतो.

“कुणी खाली गेलं का?” मी विचारलं.

“कुठं?”

“दवंडी ऐकून. कुणी गेलं का?”

“एक गेला, आंबेखोऱ्याचा. बायको बाळंतीण हाय त्याची. त्याला आम्हीच सांगितलं जा म्हणून.” मग माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, “पंत, काय झालं?”

मी उठून सुभानजींकडे गेलो.

ते एका गारद्याची बंदूक हातात घेऊन तिचा चाप बघत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. चुलींचं, चाळिसाचं, नावांचं, आजच्या सत्तावीसचं. मी हुकूम मोडत होतो हे मला कळत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. बंदूक त्यांच्या हातातच राहिली.

“म्हणजे तीनशे माणसांची परतीची वाट,” ते म्हणाले, “तुम्ही चुलींच्या धुराला बांधली होती.”

“मी नाही. कारभाऱ्यांनी.”

“तुम्ही नऊ दिवस माझ्या पंक्तीला बसून रोज मोजलंत.”

“मी पंक्तीला बसत नाही,” मी म्हणालो. ते उत्तर मला आजही आठवतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडला. “दुसरं पत्र लिहा. आत्ता.”

“जासूद नाही.”

“तुम्ही जा.”

“बातमीदाराने धार सोडायची नाही असा हुकूम आहे. मी नदीच्या उतारावर दिसलो तर धार गेली याला तोच पुरावा होईल.”

हे खोटं नव्हतं. ते मागे वळले. रान इथून दिसत होतं, बाभळींचं, सपाट, आणि ऊन उतरायला लागलं होतं.

“निंबाला बोलवा,” ते म्हणाले. “त्याचं आजोळ तिकडचं आहे. अंधारात पण जाईल.”

मी पत्र लिहायला बसलो. चार ओळी. वाळू टाकली, झटकली, लखोटा केला.

“सगळं लिहिलंत?” सुभानजींनी विचारलं.

“लिहिलं.”

निंबा आला. त्याला उपाशीपोटी चार कोस जायचं होतं. सुभानजींनी त्याला काय पत्र आहे ते सांगितलं नाही. नावांची गोष्ट धारेवर फुटली असती तर रात्र पडायच्या आत अर्धी धार नदीकडे धावली असती, आणि ते मला पटलं. त्यांनी एवढंच सांगितलं की हे पत्र भगवंतराव कारभाऱ्यांच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

“आणि निंबा, माळेवर हात ठेव.”

निंबाने माळ मुठीत धरली.

“वाटेत कोण भेटेल सांगता येत नाही. आपला म्हणवेल, परका म्हणवेल. कुणीही विचारलं, किती माणसं, कुठे मोर्चा, दारू किती, तर एक शब्द नाही. कुणीही म्हणजे कुणीही.”

“इठ्ठलाची आन. न्हाई बोलत.”

“जा मग.”

तो माझ्याकडे वळला. “पंत, शिध्याचं तेवढं ध्यानात ठेवा. मी परत येईस्तवर पोरं आवरायची न्हाईत.”

“ठेवतो.”

त्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि सटवाने धरलेली तीच वाट धरली. तो सटवापेक्षा हळू चालत होता.

दुसऱ्या दिवशी फटफटतानाच रावसाहेबांचे लोक धारेवर चढले. तीन ठिकाणांहून, मोकळेपणाने, जवळजवळ गर्दी करून. त्यांच्या टेहळ्यांनीही आमच्या चुली मोजल्या होत्या. दवंडी लागू पडली, धार निम्मी रिकामी झाली, असा त्यांचा हिशेब होता. बांधापासून पन्नास हातांवर आल्यावर पूर्ण धार त्यांच्यावर सुटली. दीड घटकेत सगळं आटोपलं. मी खडकाच्या आडोशाला बसून लिहीत होतो: आपले जखमी चौदा, मयत सहा. शत्रूचे मयत धारेच्या उतरणीवर मोजले ते एक्याऐंशी, खिंडीतले दिसत नाहीत.

धर्मा दवंडीवाला त्या एक्याऐंशींत होता. महादूने त्याला ओळखलं. तो खाली उतरून आपल्या या मेव्हण्याला वर घेऊन आला आणि बांधामागे सावलीत ठेवलं. मग जाऊन आपल्या जागेवर बसला.

बाकी धारेवर दुपारी सणासारखं वातावरण होतं. पारण्याचा स्वयंपाक झाला. मी मोजलं. चुली साठ. ते लिहिलं, लखोटा बंद केला आणि बसून राहिलो. न्यायला कुणी नव्हतं.

सटवा सकाळी परत यायला हवा होता. आला नव्हता. निंबाही नाही.

“रानात अडकले असतील,” सुभानजी म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “दोघंही कसे अडकतील?”

त्यांनी दोन स्वार पाठवले. ते तिसऱ्या दिवशी उजाडताना परत आले. त्यांतला एक घोड्यावरून उतरला नाही, तिथूनच बोलला.

“उतारावर नाव न्हाई. एकबी न्हाई. समद्या पलीकडच्या वाळूत पालथ्या पडल्यात.”

“माणसं?”

“पलीकडं दिसतात. हाका मारल्या. कुणी वळून बघितलं न्हाई.”

सुभानजींनी त्याला कुणाशी बोलू नको म्हणून सांगितलं. पण तो हे सगळं दहा जणांच्या समोरच बोलला होता. दुपारपर्यंत धारेला कळलं. पळापळ झाली नाही. लोक येऊन सुभानजींच्या भोवती बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. कुणीतरी विचारलं, “आम्ही जितलो ना? मग नावा का नेल्या?” सुभानजींनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. ते म्हणाले, “त्यांना वाटलं आपण गेलो.”

बंदुकीची दारू आणखी एक दिवस पुरली. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही धार सोडली. रावसाहेबांच्या स्वारांनी आम्हाला नदीवर गाठलं. सुभानजी काठावर पडले. ज्यांना पोहता येतं असं वाटलं ते पाण्यात शिरले. येळवी तेव्हा मावळच्या माणसाला पोहता येईल अशी नव्हती. एकशे बारा बुडाले. हा आकडा मी नंतर तिन्ही गावांत घरोघर फिरून काढला. महादू त्यातला एक. उरलेले पकडले गेले आणि चार महिन्यांनी सुटले. मलाही सोडलं, लिहिणारा म्हणून, पहिल्याच आठवड्यात.

दोन वर्षांनी दोन्ही पात्यांचा समेट झाला. लग्न जुळलं, तह झाला, आणि दोन्हीकडचे कागद एका दप्तरात आणायचं ठरलं. भगवंतरावांनी ते लावायला मला बोलावून घेतलं. मी गेलो. आमच्या धंद्यात बोलावणं नाकारायची पद्धत नाही. पहिल्या चार दिवसांत आमच्यात बोरधारेचं नाव निघालं नाही. पाचव्या दिवशी मी त्या भाद्रपदाच्या कागदांचा रुमाल सोडला आणि माझं सत्तावीसचं पत्र वर आलं. पाठीवर त्यांच्या हातची पोच होती: पावले, दिवस दोन घटका शेष.

“दुसरं मिळालं नाही तुम्हाला,” मी म्हणालो.

“मिळालं. खाली असेल. बघा.”

ते खाली होतं. पाठीवर: पावले, रात्र सहा घटका. नावा पहाटे हलल्या होत्या. निंबा वेळेवर पोचला होता.

“मग?” मी म्हणालो.

“वाचा.”

“मला पाठ आहे.”

“मोठ्याने वाचा, पंत.”

मी वाचलं. “दिवस मावळतेसमयी पुन्हा मोजता चुली एकसष्ट आहेत. धार कायम आहे. नावा हलवू नयेत. कळावे.”

भगवंतराव पानाचा देठ खुडत होते. “एका दिवसात दोन आकडे. सत्तावीस, मग एकसष्ट. एका प्रहरात दीड-पावणेदोनशे माणूस धारेवर उगवलं कुठून? आणणारा तुमचा जासूद नाही, त्याला मी पहिलं पत्र देऊन आधीच पलीकडे आईसाहेबांकडे धाडलं होतं. चेहरा अनोळखी. आणि पत्रात मागणी कोणती, तर नावा जिथे आहेत तिथे राहू द्या. ही मागणी कोण करेल? रावसाहेब करतील.”

“अक्षर माझं होतं.”

“अक्षर कुणालाही काढायला लावता येतं. तुम्ही पकडले गेला असलात तर तुमच्याचकडून.” त्यांनी पान तोंडात घातलं. “तरी मी त्या माणसाला समोर बसवून विचारलं. धारेवर किती माणसं आहेत? म्हणाला, सांगणार नाही. मी कोण आहे ठाऊक आहे का? म्हणाला, ठाऊक आहे, तुमचंच पत्र आहे, पण सांगणार नाही. गाव विचारलं, नाही. नाव विचारलं, नाही. चार नावाड्यांच्या समोर. सांगा, मी काय समजायचं?”

मी दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली.

“तुम्ही एक ओळ लिहायची होतीत,” ते म्हणाले. “माझी चूक झाली, आज भागवत एकादशी आहे, निम्मी धार उपाशी आहे. मी पंचांग उघडलं असतं. असलं कारण शत्रूला रचून सुचत नाही. ते का नाही लिहिलंत?”

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. मी पहिल्यांदा ते लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला, कारण पहिल्यावर ‘माझी चूक’ हे शब्द होते.

“त्या माणसाचं काय केलंत?” मी विचारलं.

“मारला नाही. नावांबरोबर पलीकडे नेला आणि हिवरगडाच्या बंदीखान्यात पाठवला. पुढचं मला ठाऊक नाही.”

गेल्या वर्षी, बोरधारेला बारा वर्षं पूर्ण व्हायला महिना असताना, निंबाची बायको कोंडाबाई भावाला घेऊन माझ्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या. पाणी घेतलं नाही. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचं पळसाच्या पानांचं शरीर करून क्रिया करतात. त्यासाठी भटजींनी तिथी विचारली होती. माणूस शेवटचा कधी दिसला ती तिथी.

“तुम्ही शेवटचं बघितलं म्हनत्यात,” कोंडाबाई म्हणाल्या.

“हो.”

“तिथी कोनती?”

“भाद्रपद वद्य एकादशी.”

“तुमची का आमची?”

“तुमची.”

त्यांनी भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, लक्षात ठेवलं म्हणून. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पत्र, फाडलेला कागद, माळेवरचा हात, नावाड्यांसमोरचे प्रश्न. एवढं सलग मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाऊ मधेच उठून अंगणात गेला. कोंडाबाई शेवटपर्यंत बसून राहिल्या.

“नाव इचारलं तरी सांगितलं न्हाई?”

“नाही.”

“तसंच हाय त्येंचं. एकदा बोलले की बोलले.” त्यांनी पदर सारखा केला. “मग गडावर काय झालं?”

मी त्यांना कागद दाखवला. तो मी हिवरगडाला तीनदा जाऊन मिळवला होता. समेटानंतर मार्गशीर्षात गडावरचे बंदी सोडले, त्यांची ती यादी. बेचाळीस माणसं. एकेचाळिसांची नावं, बापाचं नाव, गाव. एका ओळीत नाव नाही, गाव नाही. फक्त असामी एक. दरवाज्यावरचा म्हातारा पहारेकरी अजून होता. त्याला तो माणूस आठवत होता. दोन वर्षं गावाचं नाव काढलं नाही म्हणाला, सुटल्यावरही नाही. पूर्वेच्या वाटेने गेला.

“आमचं गाव पश्चिमेला,” कोंडाबाई म्हणाल्या.

“हो.”

“पूर्वेला का जातील?”

“मला ठाऊक नाही. तो निंबाच होता हेही मला ठाऊक नाही.”

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. ती ओळ कोणती ते त्यांनी विचारलं, मी बोट ठेवून दाखवली.

“भाऊ,” त्यांनी अंगणात हाक दिली, “भटजींना सांग, या वर्षी नगं.”

क्रिया झाली नाही. कोंडाबाई त्याच पौषात हिवरगडाच्या पूर्वेकडच्या गावांतून विचारत निघाल्या, सोबत भाऊ. मी बरोबर यायची तयारी दाखवली होती. त्यांनी नको म्हणून सांगितलं. मागच्या पंधरवड्यात भावाचा निरोप आला. तोवर अकरा गावं झाली होती.